गाडीला सोपो का नको?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रस्त्याच्या कडेला एक बाई टोपली घेऊन बसलेली असते. टोपलीत तांबडी भाजी, मुळ्याच्या जुड्या, सोलं, कधी मयड्याची केळी. तिने अडवलेली जागा असेल फार तर एक-दीड चौरस मीटर. त्या जागेचे पैसे ती भरते. सोपोवाला येतो, पावती फाडतो, पैसे घेऊन पुढच्या टोपलीकडे जातो. तिच्या पाठीमागे दोन पावलांवर सकाळपासून एक गाडी उभी आहे. त्या गाडीने अडवली आहे सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा. तिला कुणी काही विचारत नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सोपो म्हणजे बाजारात बसून माल विकणाऱ्यांकडून पालिका किंवा पंचायत घेते ते जागेचं शुल्क. आणि पे पार्किंग म्हणजे, एका वाक्यात सांगायचं तर, गाडीचा सोपो. एवढं साधं आहे. तरीही पणजी महापालिका सोडून गोव्यात ज्या तेरा पालिका आहेत, त्यांतल्या कुठल्याही लहान शहरात हा विषय निघाला की बाजारात आग लागल्यासारखी चर्चा सुरू होते. दुकानदार म्हणतात धंदा बसेल. नोकरदार म्हणतात आणखी एक कर. विरोधी नगरसेवक म्हणतात कुणाच्या तरी मेव्हण्याला कंत्राट मिळणार. या तिन्ही शंका खोट्या नाहीत, फक्त तिन्ही एकाच वजनाच्या नाहीत.

आधी जागेचा हिशेब

एक चारचाकी रस्त्याकडेला उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. आपल्या जुन्या बाजारपेठांचे रस्ते बैलगाडीच्या आणि पायी माणसांच्या काळात आखलेले. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर मध्ये कदंबची, म्हणजे आमच्या सरकारी परिवहनाची, बस जेमतेम निघते, आणि समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाने आरसा मिटून घ्यायचा.

दुसरीकडे गाड्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या ४५ टक्क्यांहून जास्त घरांत चारचाकी असल्याचं आढळलं. देशाची सरासरी साडेसात टक्के. म्हणजे पार्किंगचा प्रश्न मुंबई-पुण्याचा आणि आपण लहान गाववाले, ही समजूत चुकीची आहे. लोकसंख्येच्या मानाने हा प्रश्न देशात सर्वांत जास्त आपलाच आहे. त्यात पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या आल्या. त्यात पावसाळा आला, की एरवी स्कूटरवरून येणारा माणूसही गाडी बाहेर काढतो आणि एका स्कूटरच्या जागी साडेबारा चौरस मीटर अडवतो.

रस्त्याची कड वाढवता येत नाही. घरं मागे सरकत नाहीत. म्हणून प्रश्न ‘जागा किती आहे’ हा राहत नाही. ‘आहे ती जागा दिवसभरात किती जणांच्या वाट्याला येते’ हा होतो. इंग्रजीत याला टर्नओव्हर म्हणतात. त्याला मी पंगत म्हणणार आहे.

पहिली पंगत उठतच नाही

देवळात महाप्रसाद आहे. सभामंडपात शंभर पानं मांडता येतात आणि जेवायला पाचशे माणसं आहेत. पाच पंगती उठल्या की सगळे जेवले. आता समजा, पहिल्या पंगतीतले साठ जण जेवून झाल्यावरही तिथेच बसून राहिले. गप्पा मारताहेत, विडा चघळताहेत. मंडप तेवढाच आहे, पण पंगत आता चाळीसांचीच. उरलेल्या चारशे जणांना आणखी दहा पंगती लागतील. शेवटच्या पंगतीला सोलकढी पोचते तोवर संध्याकाळ.

आणि ते साठ जण कोण? घरचेच. म्हणजे ज्यांनी रीतीप्रमाणे शेवटच्या पंगतीला बसायला हवं होतं ते.

बाजारपेठेत हेच रोज घडतं. समजा एका रस्त्यावर चाळीस गाड्यांची जागा आहे. सकाळी पावणेनऊला दुकानदार येतात, शटर उघडायच्या आधी गाडी दारासमोर लावतात. मग त्यांचे कामगार, मग बँकेतले, सरकारी कार्यालयातले, वरच्या मजल्यावरचे वकील. पंचवीस जागा गेल्या. दुपारी बाजार झोपतो तेव्हाही त्यातल्या निम्म्या तिथेच असतात. बाजाराचे तास धरा आठ. उरलेल्या पंधरा जागांवर तासाला एक गिऱ्हाईक, म्हणजे दिवसाला एकशे वीस गाड्या. त्या पंचवीस गाड्या पाच मिनिटं चालायच्या अंतरावरच्या मैदानात गेल्या, तर त्याच रस्त्यावर तीनशे वीस. नवी जागा एक फूटही तयार झालेली नाही.

हे कागदावरचं गणित आहे असं वाटेल म्हणून मी मध्यंतरी एका शहरात (नाव सांगत नाही, माणसं ओळखीची आहेत) वही घेऊन एका ओळीतले गाड्यांचे नंबर लिहून काढले. नऊला, अकराला, साडेबाराला. तिसऱ्या फेरीला अर्ध्याहून जास्त नंबर पहिल्या फेरीतलेच होते. एक कापड दुकानदार बाहेर आले आणि विचारू लागले, पालिकेकडून आलात काय? म्हटलं नाही, पार्किंगचं बघतोय. तर म्हणाले, “बरं केलंत. लिहा जरा. गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागाच मिळत नाही हो.” हे सांगताना ते स्वतःच्या गाडीला टेकून उभे होते. माझ्या वहीत तो नंबर तिन्ही फेऱ्यांना होता.

ते खोटं बोलत नव्हते. आपली एक गाडी म्हणजे किती मोठी अडचण, असंच प्रत्येकाला वाटतं. पंचवीस जणांना वाटलं की रस्ता भरतो.

जगातलं पहिलं पार्किंग मीटर नेमक्या याच कारणाने जन्माला आलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत दुकानांतले कामगार सकाळी गाड्या लावून दिवसभर जागा अडवत आणि गिऱ्हाईक फिरून परत जाई. कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने नाणं टाकायचं यंत्र सुचवलं आणि १६ जुलै १९३५ रोजी ते रस्त्यावर उभं राहिलं. तासाला पाच सेंट. पालिकेला पैसा कमवायचा होता म्हणून नव्हे. दुकानदारांचं गिऱ्हाईक थांबावं म्हणून.

शंभरातल्या पंधरा जागा रिकाम्या कशासाठी?

पार्किंगच्या अभ्यासकांत डोनाल्ड शूप हे नाव सगळ्यांत मोठं. कॅलिफोर्नियातले हे प्राध्यापक हयातभर पार्किंगमागचं अर्थशास्त्र उलगडत राहिले. २०२५ मध्ये वारले. त्यांचा नियम सोपा आहे: रस्त्याकडेच्या जागा साधारण ८५ टक्के भरलेल्या असाव्यात. सात-आठ गाड्यांच्या प्रत्येक ओळीत एक जागा मोकळी दिसली पाहिजे.

ऐकायला हे उधळपट्टीसारखं वाटतं. जागेची एवढी टंचाई आणि मोकळी कशाला ठेवायची? स्वयंपाकघरातला ओटा आठवा. ओटा भांड्यांनी गच्च भरला की त्याचा पुरेपूर वापर झाला असं कुणी म्हणत नाही, कारण आता कांदा चिरायलाही जागा नाही. कोपऱ्यातली वीतभर मोकळी जागाच बाकीचा ओटा चालवते.

रस्ता शंभर टक्के भरला की पुढे येणारी प्रत्येक गाडी फिरायला लागते. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करायला म्हापशाला गेलेल्या कुणालाही हे माहीत आहे. सुके बांगडे आणि मिरच्या घ्यायला अर्धा तास, गाडी लावायला तेवढाच. बायकोला आणि पिशव्यांना बाजाराच्या तोंडाशी उतरवायचं आणि आपण प्रदक्षिणा घालत राहायचं. शूप यांनी लॉस एंजेलिसमधल्या पंधरा ब्लॉकांच्या एका छोट्या भागाचा हिशेब मांडला होता: नुसती जागा शोधण्यासाठी तिथल्या गाड्या वर्षाला साडेनऊ लाख मैल, म्हणजे सुमारे पंधरा लाख किलोमीटर फिरत होत्या. बाजारात जी कोंडी दिसते तिच्यातल्या बऱ्याच गाड्या कुठेही जात नसतात. त्या आधीच पोचलेल्या असतात.

तेव्हा फुकट पार्किंग फुकट नसतंच. पैसे सोपोवाल्याला देण्याऐवजी आपण पेट्रोल पंपावर देतो.

“रोड टॅक्स भरलाय की!”

सगळ्यांत आधी येणारा आक्षेप हाच. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, आता परत कसले पैसे?

दोन गोष्टी आहेत. एक, तो कर राज्याच्या तिजोरीत जातो. तुमच्या पालिकेच्या गल्ल्यात त्यातलं काही थेट पडत नाही. गटार, फुटपाथ, दिवे मात्र पालिकेने बघायचे. दोन, कर गाडी रस्त्यावर चालवण्याचा आहे, रस्त्यावर ठेवण्याचा नव्हे. बसचं तिकीट काढलं म्हणजे रात्री बसमध्ये झोपायचा हक्क मिळत नाही. घरातलं कपाट जागा नाही म्हणून कुणी चौकात आणून ठेवलं तर आपण पालिकेला फोन करू. गाडीला चाकं आहेत म्हणून तिचं सामानपण आपल्याला दिसत नाही, एवढंच.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही हेच म्हटलं आहे: शहरातली जमीन मोलाची आहे, पार्किंग ती मोठ्या प्रमाणात व्यापतं, आणि पार्किंगचं शुल्क ठरवताना हे मोल लक्षात घेतलं पाहिजे. धोरण कागदावर राहिलं हा भाग वेगळा.

“गिऱ्हाईक पळून जाईल”

ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे पोटाचा प्रश्न आहे. मॉलमध्ये सहज गाडी लावता येते, ऑनलाइन मागवलं तर गाडीच लागत नाही. मग बाजारात वीस रुपये मोजून कोण येणार?

पण वीस रुपयांनी कोण थांबतं आणि कोण नाही ते बघा. तीन हजारांची साडी घ्यायला आलेलं कुटुंब वीस रुपयांसाठी परत जात नाही; जागा मिळाली नाही म्हणून मात्र जातं. परत जातो तो दिवसभर गाडी ठेवणारा. दर तासाला पैसे पडायला लागले की तो विचार करतो: गाडी मैदानात लावू, दुकानातल्या पोऱ्याबरोबर येऊ, स्कूटर काढू. त्याने दुसरीकडे जावं हाच तर हेतू आहे.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराचा जुना बाजार याचं गाजलेलं उदाहरण आहे. बाजार पडीक झाला होता. पालिकेने मीटर लावायचं म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी जोरदार विरोध केला. मग पालिकेने शब्द दिला की मीटरचा पैसा याच बाजारावर खर्च होईल: फुटपाथ, झाडं, दिवे, सफाई. १९९३ मध्ये मीटर लागले आणि पुढच्या काही वर्षांत तो बाजार पुन्हा उभा राहिला. फक्त मीटरमुळे उभा राहिला असं मी म्हणणार नाही. पण मीटरमुळे बुडाला नाही, हे नक्की. आणि व्यापारी वळले ते कुठल्या युक्तिवादाने नव्हे, पैसा कुठे जाणार हे लेखी मिळाल्यावर.

आपल्याकडे ठराव होतो तेव्हा या बाजूची एक ओळही त्यात नसते. शुल्क पालिकेच्या सर्वसाधारण निधीत जमा होतं आणि तिथून पगारात विरघळतं. मग दुकानदाराने काय म्हणून हो म्हणायचं?

समजा शहरात एकशे वीस जागा आहेत, दिवसाला सरासरी सहा तासांचे पैसे मिळतात, तासाला वीस रुपये, वर्षाचे तीनशे दिवस. झाले त्रेचाळीस लाख वीस हजार. सहा माणसं अठरा हजार पगारावर ठेवली तर वर्षाला तेरा लाखांच्या आसपास. यंत्रं, रंग, फलक, गळती वजा जाता वीस-पंचवीस लाख हातात राहिले तरी पुष्कळ. एवढ्यात उड्डाणपूल होत नाही. पण बाजारात बायकांसाठी एक स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप न लावलेलं शौचालय वर्षभर चालतं. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा गाडीवाल्यांनी पैसे द्यावेत, पण हा माझा हट्ट झाला.

“गरिबाने काय करायचं?”

हा प्रश्न बहुतेक वेळा स्वतः गाडीत बसलेला माणूसच विचारतो. बाजारात सगळ्यांत गरीब कोण येतो? कदंबच्या किंवा खाजगी बसने येणारा, पायी येणारा. त्याला पार्किंगचं शुल्क पडत नाही. उलट गाड्यांनी अडवलेला फुटपाथ सुटला तर त्याचा फायदाच आहे. आणि टोपलीवाली तर आधीपासूनच पैसे भरते आहे.

दुचाकीची गोष्ट वेगळी. गोव्यात स्कूटर ही चैन नाही, पाय आहेत. एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. तिच्यावर अगदी नाममात्र शुल्क ठेवावं किंवा मुळीच ठेवू नये, पण जागा आखून द्यावी. मोटारसायकल पायलट (म्हणजे दुचाकीची टॅक्सी चालवणारे) आणि रिक्षांचे थांबे हात न लावता तसेच राहिले पाहिजेत, कारण त्यांच्यामुळेच कुणीतरी गाडी घरी ठेवून येतो. अपंगांसाठी राखीव जागा आणि औषधाच्या दुकानासमोर पहिली दहा-पंधरा मिनिटं मोफत, हेही हवं. मात्र मोफत मिनिटं सगळीकडे द्यायची नाहीत. दर चौदाव्या मिनिटाला गाडी वीतभर पुढे घेणारी प्रतिभा आपल्यात भरपूर आहे.

खरी अडचण आहे ती बाजारातच राहणाऱ्यांची. जुनी पोर्तुगीज काळातली घरं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, गॅरेज नाही. त्यांना घरटी एका गाडीसाठी वार्षिक पास द्यावा. दुसऱ्या गाडीला पूर्ण दर. आणि मागच्या वाड्यांना, जिथे आज शांतता आहे, तिथे पहिल्या आठवड्यापासून बाजारातल्या गाड्या घुसणार. हे टळणार नाही. पाणी उतार शोधतं. म्हणून पे पार्किंग एकाच रस्त्यावर सुरू करून ‘बघू या’ म्हणणं म्हणजे दुखणं शेजाऱ्याच्या दारात ढकलणं. आजूबाजूच्या गल्ल्याही त्याच दिवशी रहिवाशांसाठी राखून ठेवाव्या लागतात.

“त्यापेक्षा पार्किंगची इमारत बांधा”

इमारत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं, म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण बहुमजली इमारतीत एका गाडीला साडेबारा चौरस मीटर पुरत नाहीत. चढ, वळणं, ये-जा यांसकट आपल्याकडच्या नियोजनात एका गाडीमागे अठ्ठावीस ते बत्तीस चौरस मीटर धरतात. शंभर गाड्यांना तीन हजार चौरस मीटर बांधकाम. लहान पालिकेला हे परवडलं असं धरू. तरीही खाली रस्त्यावर फुकट जागा असेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर गाडी न्यायला कोण तयार होईल? आधी रस्त्याला दर लागला पाहिजे, तोही इमारतीपेक्षा जास्त. तेव्हा कुठे इमारत भरते. उलट्या क्रमाने गेलं की वर पारवे आणि खाली कोंडी.

पावणी, पावती आणि मेव्हणा

आता त्या तिसऱ्या शंकेकडे येतो, जी मला सगळ्यांत वजनदार वाटते.

आपल्या पालिकांना शुल्क गोळा करायची एकच पद्धत माहीत आहे: पावणी. म्हणजे लिलाव. जो सर्वांत जास्त रक्कम बोलेल त्याला वर्षभर वसुलीचा हक्क. सोपोचं असंच चालतं. पालिकेला रक्कम ठरलेली मिळते, डोकेदुखी नाही. पुढे रस्त्यावर काय चालतं ते कंत्राटदार आणि लोक बघून घेतील.

पार्किंगला ही पद्धत लावली की काय होतं? समजा तीस लाखांना पावणी झाली. आता कंत्राटदाराला तीस लाखांच्या वर जे मिळेल ते त्याचं. पंधरा टक्के जागा मोकळ्या ठेवण्यात त्याला काय रस? त्याला शंभर टक्के हव्यात, जमलं तर एकशे वीस. तो झेब्रा क्रॉसिंगवर गाडी लावू देईल, कोपऱ्यावर लावू देईल, दुसरी ओळही होऊ देईल, कारण प्रत्येक गाडी म्हणजे एक पावती. दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुकानदाराला तो महिन्याचा घाऊक दर देईल. त्यालाही सोयीचं, यालाही. म्हणजे जी पहिली पंगत उठवायची होती तिलाच त्याने पैसे घेऊन पाट आणून दिला. पावती न देता निम्म्या पैशांत सोडणं, पर्यटकाची गाडी बघून दुप्पट मागणं, हे तर वेगळं सांगायला नको. यात कंत्राटदार वाईट माणूस असायची गरज नाही. आपण त्याला ज्या गोष्टीचे पैसे देतो तीच तो करणार.

पर्याय अवघड नाही. वसूल झालेला सगळा पैसा थेट पालिकेच्या खात्यात जावा आणि काम करणाऱ्या संस्थेला कामाचा ठरलेला मोबदला मिळावा, गाड्यांच्या संख्येवर नव्हे. हातातल्या छोट्या यंत्रावर गाडीचा नंबर टाकला की वेळ आपोआप नोंदली जावी आणि छापील पावती निघावी. यूपीआयचा क्यूआर कोड पालिकेच्या खात्याचा असावा, वसुली करणाऱ्या पोराच्या मोबाइलचा नव्हे (हसू नका, फलकावर खात्याचं नाव छापलेलं आहे का ते एकदा बघा). दर, वेळ आणि तक्रारीचा नंबर मराठी-कोकणीत, वाचता येईल अशा अक्षरांत. आणि दर महिन्याला पालिकेने जाहीर करावं: इतके पैसे आले, इतके खर्च झाले, सकाळी अकराला इतक्या जागा भरलेल्या होत्या.

यंत्रातली माहिती हीच खरी कमाई आहे. कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेळी किती गाड्या किती वेळ थांबतात, हे आज कुणालाच माहीत नसतं. नगराध्यक्षांना नाही, पोलिसांनाही नाही. आपण सगळे अंदाजाने भांडतो.

तुमच्या पालिकेत निविदा निघाली तर ती पावणी आहे की कामाचा करार, एवढं एकच बघा. पावणी असेल तर दुकानदारांच्या मोर्चात मीही येईन.

हा अधिकार पालिकेला आहे का?

आहे, पण एकटीला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या विषयांची यादी आहे. तिच्यात सतराव्या क्रमांकावर पथदीप, बसथांबे, सार्वजनिक सोयींबरोबर पार्किंगच्या जागाही आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा, तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. ‘नो पार्किंग’ची अधिसूचना आपल्याकडे जिल्हाधिकारी काढतात. दंड आणि गाडी उचलणं वाहतूक पोलिसांचं काम. शिवाय बाजारातून जाणारा मुख्य रस्ता पालिकेचा नसून साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) असू शकतो.

यातलं एक चाक सुटलं तरी गाडी अडते. पालिकेने फलक लावला आणि पोलीस फिरकलेच नाहीत, तर पैसे न देणाऱ्याचं काही बिघडत नाही. मग पैसे देणाराच मूर्ख ठरतो, आणि आपल्याकडे मूर्ख ठरण्याइतकं वाईट काही नाही. शुल्क मागणाऱ्या पोराला गाडीला कुलूप लावायचा अधिकार नाही, तो त्याने दाखवूही नये.

मग दर किती असावा?

पालिकेच्या बैठकीत हा प्रश्न उलटा विचारतात. ‘लोकांना किती झेपेल?’ किंवा ‘शेजारच्या शहरात किती आहे?’ खरा प्रश्न: किती ठेवला की प्रत्येक ओळीत एक जागा मोकळी दिसेल? तोच बरोबर दर. जास्तही नको, कमीही नको.

तो सगळीकडे सारखा नसणार. साखळीला सोमवारी, डिचोलीला बुधवारी आठवड्याचा बाजार भरतो. त्या दिवशीची गर्दी आणि गुरुवारची गर्दी यांचा संबंध नाही. दुपारी एक ते साडेतीन शटरं खाली असतात, तेव्हा पैसे कशाचे घ्यायचे? चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घ्यायला सगळा तालुका लोटतो. ते दोन दिवस शुल्काने काही साधत नाही, सरळ रस्ता गाड्यांना बंद करून बाहेरच्या मैदानातून सोय करावी. आणि एकाच गाडीला पहिला तास स्वस्त, तिसरा महाग, पाचवा नको इतका महाग असं चढत गेलं की पंगत आपोआप उठते.

सुरुवातीचा दर चुकणार हे धरून चालावं. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ ते २०१३ मध्ये असा प्रयोग केला. जागा ६० ते ८० टक्के भरलेल्या असाव्यात असं ठरवलं आणि दर काही आठवड्यांनी प्रत्येक रस्त्याची नोंद बघून तिथला दर थोडा चढवला किंवा उतरवला. जिथे गर्दी तिथे वाढला, बाजूच्या ओस गल्ल्यांत कमी झाला. दोन वर्षांनी मीटरचा सरासरी दर तासाला २.६९ डॉलरवरून २.५८ डॉलरवर आला होता. चढला नव्हता, उतरला होता.

आपल्या ठरावांत ‘दरवर्षी दहा टक्के वाढ’ असं कलम न विसरता घातलेलं असतं. ओळी ओस पडायला लागल्या तर तीन महिन्यांत दर उतरवायचा, हे कलम मी अजून कुठल्या ठरावात वाचलेलं नाही. सोपोचा दर कधी उतरला होता का, ते पुढच्या शुक्रवारी त्या टोपलीवाल्या बाईला विचारतो.